शेतकऱ्याच्या खिशातला चाकू : घडीच्या चाकूची कुळकथा आणि निवड



नांगर, पाभर, पंप, फवारणी यंत्र यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज जे अवजार घेतले आहे, ते मुठीत मावते आणि सदऱ्याच्या खिशात बसते. ते म्हणजे घडीचा चाकू. गोणीची सुतळी कापायची, ठिबकची नळी तोडायची, दावे गाठीत अडकले तर सोडवायचे, फळ कापून आतून पिकले का ते बघायचे, डोळा भरायचा, बांधावर बसून कांदा चिरायचा. दिवसातून दहा वेळा हात त्याच्याकडे जातो. तरी खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार याच अवजाराचा होतो. आठवड्याच्या बाजारात दुकानदार दहा-बारा पात्यांचा चकचकीत चाकू पुढे करतो, आपण तो उघडून-मिटून बघतो आणि घेऊन येतो. पुढे काय होते? महिन्याभरात मुख्य पाते खिळखिळे होते, कात्री चालत नाही, आणि एखाद्या दिवशी काम करता करता पाते उलटे फिरून बोटावर मिटते.

बोट कापले म्हणजे नुसते रक्त गेले असे नाही. अंगठ्याजवळच्या बोटाची शीर तुटली, तर धार काढणे, रोपे लावणे, कापूस वेचणे सगळेच अडते. म्हणून चाकू निवडणे ही किरकोळ गोष्ट समजू नये.

कोणता चाकू चांगला, हे ठरवायला एक सोपी वाट आहे. जगात निरनिराळ्या मुलखांतल्या शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि माळ्यांनी जे चाकू शंभर-शंभर वर्षे खिशात वागवले, ते कसे घडले ते पाहायचे. त्यांच्यापुढे ज्या अडचणी होत्या, त्याच आपल्यापुढे आहेत. अडचणी तीन : पाते बोटावर मिटू नये, पाते गंजू नये, आणि धार गेली तर आपली आपल्याला लावता यावी. या तीन प्रश्नांना कुणी काय उत्तर दिले, हीच घडीच्या चाकूची कुळकथा.

खिळा आणि कमान

पाते मुठीत मिटवून ठेवायची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियात हालस्टाट नावाचे मिठाच्या खाणीचे प्राचीन ठिकाण आहे. तिथे लोखंड युगातले, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुने घडीचे चाकू सापडलेले आहेत. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथल्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले एक घडीचे अवजार ठेवलेले आहे. त्यात पाते, चमचा, काटा आणि टोचणी एकाच मुठीत मिटतात. तेव्हा अनेक पात्यांची हौस काही आजची नाही.

या पहिल्या चाकूंची बांधणी अगदी साधी होती. आपला अडकित्ता आठवा. दोन भाग, मध्ये एक खिळा. जुना चाकूही असाच. खिळा घट्ट असेतोवर पाते जागेवर राहते, खिळा झिजला की डुलायला लागते. चाकू पुढे दाबला तर ठीक, पण टोकाने भोक पाडायला गेलो, तर पाते मिटलेच म्हणून समजा.

पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात मुठीच्या पाठीला पोलादाची कमान, म्हणजे पट्टीची स्प्रिंग, बसवण्याची पद्धत रूढ झाली. ही कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते. उघडताना 'टक्' होते आणि मिटतानाही 'टक्' होते. बाजारात मिळणारे बरेचसे घडीचे चाकू आजही याच तत्त्वावर चालतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कमान पाते धरून ठेवते, कुलूप लावत नाही. जोर उलटा पडला तर कमानीचा चाकूही मिटतो.

शेफिल्डने आणखी दोन गोष्टी जगाला दिल्या. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवून एकसारखे, निर्मळ पोलाद तयार केले. त्यामुळे पाते लहान असूनही धार टिकू लागली. दुसरी गोष्ट १९१३ सालची. त्याच शहरात हॅरी ब्रेअर्ली याने क्रोमियम मिसळलेले, सहजासहजी न गंजणारे पोलाद बनवले. त्यालाच आपण स्टेनलेस म्हणतो. हे दोन पोलाद पुढच्या सगळ्या गोष्टीत आपल्याला भेटणार आहेत.

डोंगरी शेतकऱ्याचा एकपात्या

फ्रान्सच्या पूर्वेला आल्प्स पर्वतात सॅव्हॉय नावाचा मुलूख आहे. गुरे पाळायची, चीज करायचे, लाकूड तोडायचे, थोडी शेती करायची, असे तिथले जीवन. सेंट जाँ द मोरिएन या गावाजवळ आल्बिए नावाच्या खेड्यात ओपिनेल घराण्याचा भाता होता. कुऱ्हाडी, कोयते अशी धारेची अवजारे तिथे घडत. त्या घरातल्या जोसेफ या मुलाने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, खिशात मावेल असा शेतकऱ्याचा चाकू तयार केला.

हा चाकू म्हणजे किती भाग? एक पाते, एक लाकडी मूठ, तोंडाला एक लोखंडी शेंबी आणि एक खिळा. झाले. कमान नाही, शिंगाची नक्षी नाही. मूठ बीच झाडाच्या लाकडाची, मागे थोडी वळलेली, त्यामुळे हातातून निसटत नाही. मुठी हाताने कोरत बसण्याऐवजी जोसेफने त्यासाठी यंत्र बसवले. म्हणून चाकू स्वस्तात निघू लागला आणि गुराख्यालाही घेता आला. १८९७ साली त्याने लहान-मोठ्या बारा मापांना १ ते १२ असे क्रमांक दिले. क्रमांक एकचे पाते जेमतेम दोन सेंटिमीटर, क्रमांक बाराचे बारा सेंटिमीटर. पुढे १ आणि ११ हे दोन क्रमांक बंद झाले. आज सर्वांत जास्त ओळखीचा आहे तो क्रमांक आठ. पाते साडेआठ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४५ ग्रॅम.

हा चाकू पसरला कसा, तेही बघण्यासारखे आहे. मोरिएनच्या खोऱ्यातून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारी रेल्वे जाते. १८७१ साली डोंगराखालचा बोगदा खुला झाला होता. रेल्वेची माणसे, फेरीवाले, जत्रेतले दुकानदार यांच्याबरोबर चाकू शेजारच्या देशांत गेला. १९०९ साली पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात अशी खूण नोंदवली गेली.

तरी पहिली अडचण शिल्लकच होती. खिळ्यावरचे पाते बोटावर मिटू शकत होते. १९५५ साली मार्सेल ओपिनेल याने त्यावर तोडगा काढला. शेंबीभोवती एक फिरते कडे बसवले. पाते उघडल्यावर कडे थोडे फिरवले, की पात्यामागची फट बंद होते आणि पाते मिटूच शकत नाही. सन २०००मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली, आणि मिटलेले पातेही त्याच कड्याने बंद ठेवता येऊ लागले. म्हणजे खिशात आपोआप उघडण्याचे भय गेले.

दोष नाहीत असे नाही. लाकूड पाण्यात भिजले की फुगते आणि पाते मुठीत घट्ट बसते. तिथले लोक मग मुठीचा मागचा शेवट टेबलावर ठोकतात. त्या हिसक्याने पाते थोडे बाहेर येते. साधे पोलाद असलेले पाते ओले ठेवले तर रात्रीत तांबडे पडते. या कंपनीचे स्टेनलेस पात्याचे चाकूही आज मिळतात.

गुराख्याचा चाकू आणि नावाचा घोळ

त्याच फ्रान्समध्ये, दक्षिणेच्या बाजूला, ओब्राक नावाचे माळरान आहे. तिथे लायोल हे गुरांच्या बाजाराचे गाव. १८२९च्या सुमारास पिएर-जाँ काल्मेल्स या कारागिराने तिथे चाकू बनवायला सुरुवात केली. पुढे लायोलचा चाकू कमानीचा झाला. सडपातळ, किंचित वळणदार, मुठीला बहुतेकदा गाईचे शिंग.

गुराख्यांच्या मागणीवरून या चाकूत पात्याच्या जोडीला एक लांब आर आली. चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायला ती उपयोगी. शिवाय गाईचे पोट वायूने फुगून ती मरणाच्या दारात पोचली, तर डाव्या कुशीत छिद्र पाडून वायू मोकळा करायला तिकडचे गुराखी ती वापरत, असे सांगतात. आपल्याकडे कोवळा लसूणघास किंवा ओली ज्वारी जास्त खाऊन जनावर फुगते, ते आपण पाहतोच. पण मंडळी, हे काम खिशातल्या चाकूने कुणी करू नये. भलत्या जागी टोचले, तर जनावर पोटात पू होऊन दगावते. लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी, की चाकूचे दुसरे अवजार कुठून आले ते कळावे. ते दुकानदाराच्या डोक्यातून आले नाही, गुराख्याच्या गरजेतून आले.

तिसरे अवजार आले ते बाटलीचे बूच काढायचे मळसूत्र. त्या भागातली पुष्कळ माणसे पॅरिसला जाऊन खानावळी आणि पेयपानाची दुकाने चालवू लागली होती. १८८०च्या सुमारास त्यांच्यासाठी हे मळसूत्र जोडले गेले. धंदा बदलला, तसा चाकू बदलला.

पण लायोलची खरी शिकवण वेगळीच आहे. पहिल्या महायुद्धानंतर या चाकूंचे काम बहुतांशी तिएर या चाकूंच्या मोठ्या शहराकडे गेले. मूळ गावात ते जवळजवळ थांबले आणि १९८०च्या दशकात पुन्हा उभे राहिले. 'लायोल' हे नाव कोण्या एका कारखान्याची खूण नाही. ते चाकूच्या घाटाचे नाव आहे. त्यामुळे उत्तम हातकामाचा चाकू असो की कुठे तरी ठोकून काढलेला पत्र्याचा चाकू, दोहोंवर तेच नाव दिसते. यावरून बोध काय घ्यावा? पात्यावर कोरलेल्या नावाला भुलू नये. सांधा, कमान आणि पोलाद तपासून मगच पैसे मोजावेत.

शिपायाचा चाकू आणि अनेक अवजारांचा मोह

आता ज्याची नक्कल आपल्या बाजारात सर्वांत जास्त दिसते, त्या तांबड्या मुठीच्या स्विस चाकूकडे येऊ. कार्ल एल्सेनर या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात १८८४ साली आपला कारखाना काढला. पुढे स्विस सैन्याने नवी बंदूक घेतली. ती खोलायला पेचकस लागे, आणि शिधा येई तो पत्र्याच्या डब्यात. म्हणून प्रत्येक शिपायाला पाते, आर, डबा उघडायचा आकडा आणि पेचकस, अशी चार अवजारे एकाच मुठीत द्यायचे ठरले. देशात एवढे चाकू करणारा कारखाना नव्हता, त्यामुळे पहिली खेप जर्मनीतल्या सोलिंगेनहून आणावी लागली. एल्सेनरने १८९१ साली आपले चाकू सैन्याला पुरवायला आरंभ केला. सोलिंगेनचे मोठे कारखाने तोच माल स्वस्तात देत होते, त्यामुळे तो कर्जबाजारी होण्याच्या बेताला आला. पण त्याने काम सोडले नाही.

१२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यात दुसरे लहान पाते आणि बूच काढायचे मळसूत्र वाढवलेले होते. युक्ती अशी की एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची अवजारे चालत. म्हणून अवजारे वाढूनही जाडी फार वाढली नाही. सैन्याने हा चाकू सरकारी म्हणून दिला नाही, अधिकाऱ्यांनी तो स्वतःच्या पैशाने घेतला. १९०९ साली एल्सेनरची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा तिचे नाव त्याने कारखान्याला दिले. १९२१च्या सुमारास स्टेनलेस पोलाद वापरात आले, त्याला फ्रेंचमध्ये 'इनॉक्स' म्हणतात. दोन्ही शब्द जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले.

या घराण्याच्या चाकूंत दोन मापे खिशासाठी प्रसिद्ध आहेत. मिटलेली लांबी ९१ मिलिमीटर असलेला मधला, आणि ५८ मिलिमीटरचा किल्लीच्या जुडग्यात बसणारा लहान. दोन्ही कमानीचे आहेत, कुलपाचे नव्हेत. आता गंमत बघा. ज्या सैन्यासाठी हा चाकू जन्माला आला, त्याच सैन्याला २००८ साली जो नवा नमुना दिला गेला, त्याची लांबी १११ मिलिमीटर, मूठ मोठी, पाते एका हाताने उघडणारे आणि उघडल्यावर कुलूप लागणारे. शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनाही कुलूप हवेसे वाटले. आपण त्यातून जे घ्यायचे ते हेच.

पंप, फवारणी यंत्र, स्टार्टर यांची बारीकसारीक कामे रोज करणाऱ्याला पेचकस असलेला चाकू खरोखर कामाचा आहे. पण चांगल्या पोलादाचा असेल तरच. नकली चाकूत दहा अवजारे असतात, पण पेचकसाचे टोक पहिल्या गंजलेल्या स्क्रूलाच वळते.

जपानचा अंगठ्याने धरायचा चाकू

जपानात ह्योगो प्रांतात मिकी हे लोहारकामाचे गाव आहे. १८९०च्या दशकात तिथे हिगोनोकामी नावाचा चाकू निघाला. पितळी किंवा लोखंडी पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पाते, एक खिळा. ना कमान, ना कुलूप. पात्याच्या मागे एक छोटी शेपटी बाहेर राहते. काम करताना अंगठा त्या शेपटीवर दाबून ठेवायचा. अंगठा हाच कुलूप. शाळेतली मुले त्याने पेन्सिली तासत, शेतकरी बांबू तासत.

१९६०च्या सुमारास जपानात मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम झाली. त्यातच पेन्सिल तासायची यंत्रे आली आणि मिकीतले बहुतेक कारखाने बंद पडले. चाकू वाईट नव्हता, पण त्याचे रोजचे काम गेले. काम गेले की अवजार गेले, मग ते कितीही चांगले असो.

या चाकूचा गुण असा की त्यात बिघडण्यासारखे काहीच नाही. खिळा सैल झाला तर हातोडीने हळू दोन ठोके द्यायचे. दोष असा की अंगठा घसरला तर रक्षण नाही. ओल्या, चिखलाच्या हातांनी काम करणाऱ्याने तो घेऊ नये.

कलमाचा चाकू

आता आपल्या मातीकडे वळू. हापूस हे नाव पोर्तुगीज 'अफोन्सो' या नावावरून आलेले. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्याच्या कलमांना चालना मिळाली आणि पुढे कोकणची बागायत कलमांवर उभी राहिली. नागपूरचा संत्रा, मराठवाड्यातली मोसंबी डोळा भरून वाढते. म्हणजे आपल्या कितीतरी बागांचा जन्म एका लहान पात्याच्या धारेवर झालेला आहे.

कलमाच्या चाकूची जात वेगळी. जर्मनीत रॉइटलिंगेन इथे १८५४पासून टिना नावाचे माळ्यांचे चाकू होतात. जगभरचे रोपवाटिकावाले त्यांचे नाव घेतात. अशा चाकूंत कलमाच्या अनेक पात्यांना उतार एकाच बाजूने असतो, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काप सरळ आणि सपाट पडतो, आणि खुंट आणि काडी यांची अंतरसाल एकमेकींना नीट भिडते. डोळा भरायच्या चाकूला साल उचलायची एक बोथट जीभही असते. भाजी चिरायच्या चाकूने काप घेतला, तर तो फाटका किंवा गोलसर पडतो. मध्ये पोकळी राहते, पाणी साठते आणि डोळा काळा पडतो. मग आपण म्हणतो, काडी वाईट होती! बऱ्याचदा काडीचा दोष नसतो, धारेचा असतो.

तेव्हा कलमे करणाऱ्याने एक चाकू फक्त कलमांसाठी ठेवावा. त्याने सुतळी कापू नये, नळी कापू नये, आंबाही चिरू नये.

चारही एका तराजूत

१) बोटाची सुरक्षा : कड्याचा ओपिनेल आणि कुलपाचा मोठा स्विस चाकू पुढे. लायोल आणि लहान स्विस चाकू कमानीवर, म्हणून मधे. हिगोनोकामी अंगठ्याच्या भरवशावर, म्हणून मागे.

२) गंज : स्विस चाकू स्टेनलेसचे, ते निर्धास्त. ओपिनेल आणि लायोल दोन्ही तऱ्हेच्या पोलादांत मिळतात. हिगोनोकामीचे पाते बहुधा साध्या पोलादाचे असते, ते रोज पुसावे लागते.

३) धार : चांगले पाणी दिलेल्या साध्या पोलादाला दगडावर लवकर आणि बारीक धार येते. स्टेनलेसला थोडी जास्त मेहनत लागते, पण उसाचा रस, लिंबू, पाणी यांत ते टिकते.

४) दुरुस्ती : ओपिनेल आणि हिगोनोकामीत भाग थोडे, त्यामुळे बिघाड थोडा. स्विस चाकूच्या फटीत माती गेली की सगळी अवजारे जड चालतात. तो कोमट पाण्यात उघड-मीट करून धुवावा, वाळवावा आणि सांध्याला तेलाचा थेंब द्यावा.

५) खिशातले ओझे : ओपिनेल हलका. स्विस चाकूत अवजार वाढेल तशी जाडी वाढते. जो चाकू जड वाटतो तो घरी राहतो, आणि घरी राहिलेला चाकू नसल्यासारखाच.

हे परदेशी चाकू कुणी विकत घ्यावेत म्हणून मी सांगत नाही. आपल्या लोहाराने किंवा देशी कारखान्याने केलेला चाकूही याच पाच कसोट्यांवर घासून बघता येतो.

घेताना काय बघावे

चाकू पूर्ण उघडावा. पाते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवावे. डुलत असेल तर ठेवून द्यावा. कुलूप असेल तर ते लावून, धारेपासून बोटे दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकी आपटावी. सुटले तर तो चाकू नको. मिटवल्यावर पात्याचे टोक मुठीत पूर्ण बुडते का ते बघावे, टोक वर राहिले तर खिसा आणि मांडी दोन्ही फाटेल. बहुतेक शेतकामाला सात ते नऊ सेंटिमीटरचे पाते पुरते. ऊस, केळी, फांद्या यांना कोयता आहे, त्याचे काम चाकूला सांगू नये. चाकूने झाकण उचकटायचे नाही आणि खिळा उपटायचा नाही. पाते तुटते ते अशाच वेळी.

धार, निगा आणि रोगराई

धारेसाठी कुरुंदाचा दुपदरी दगड घ्यावा, एक बाजू भरड, एक बारीक. दगड ओला करून पाते पाठीकडून थोडे उचलावे, दोन्ही बाजू सारख्या फिरवाव्यात. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढावे. एकाच बाजूने उतार असलेल्या कलमाच्या चाकूला फक्त उताराची बाजू घासायची, सपाट बाजू नुसती दगडाला टेकवायची. विजेच्या फिरत्या चाकावर लहान पाते धरू नये. ते तापून निळे पडते आणि पाणी उतरते. मग धार कितीही लावा, टिकत नाही. धार लावल्यावर सांध्याला आणि पात्याला तेलाचे बोट फिरवावे.

शेवटची आणि फार महत्त्वाची गोष्ट. चाकू झाडाझाडांतून रोगही वाहून नेतो. लिंबूवर्गीय झाडांचा एक्झोकॉर्टिस हा रोग एका झाडाच्या रसातून पात्यावर आणि पात्यावरून दुसऱ्या झाडात जातो. रंगपूर लिंबाच्या खुंटावर तो साल फोडतो आणि झाड खुजे ठेवतो. उसाचा खोडवा खुरटवणारा रोगही बेणे तोडणाऱ्या कोयत्यावरून पसरतो. एक्झोकॉर्टिसला नुसती आग किंवा स्पिरिट यांचा भरवसा नाही. बाजारात मिळणारे सुमारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग घ्यावे. या द्रावणात मातृवृक्ष बदलताना दर वेळी पाते बुडवावे, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावे. द्रावण रोज ताजे करावे. काम संपल्यावर पात्याला तेल लावायला विसरू नये, कारण ब्लीचने लोखंड झपाट्याने गंजते. डोळ्यात उडू देऊ नये.

कायद्याबद्दल दोन शब्द

घडीचा चाकू म्हटला की काहींना सिनेमातला खटक्याचा रामपुरी आठवतो. पण शेतीच्या अवजाराला घाबरायचे कारण नाही. देशाच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोडतात, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात. त्या काळात चाकू खिशात घेऊन गावात, मोर्चात, जत्रेत फिरू नये. कोर्ट-कचेरीत तो नेऊ नये, विमानात हातातल्या पिशवीत तर तो चालतच नाही. शेतात जाताना घ्यावा, तालुक्याला जाताना खुंटीला अडकवावा. आणि मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

तर मंडळी, सॅव्हॉयच्या शेतकऱ्याने एकच पाते ठेवले आणि त्याला कडे लावले. ओब्राकच्या गुराख्याने गुरांसाठी आर मागून घेतली. स्विस शिपायाला पेचकस लागला म्हणून तो आला. माळ्याने एका बाजूचा उतार पसंत केला. प्रत्येकाने आधी आपले काम पाहिले, मग चाकू पाहिला. पुढच्या बाजाराला जाण्यापूर्वी आपणही आठवडाभरात चाकू कशाकशाला लागला ते मनाशी मोजा. बहुतेकांचा हिशेब एका चांगल्या, कुलपाच्या पात्यावर येईल. बागायतदाराचा दोन चाकूंवर येईल. बाराव्या पात्याची गरज फार थोड्यांना निघेल.

धार चांगली ठेवा, बोटे सांभाळा. रामराम.